पिवळ्या संघातल्या हिरव्या बांगड्या

ये गं, अशी जवळ येऊन बस. दारात उभं राहून, एक पाय चपलेत ठेवून बोलायची ही कुठली रीत? आणि तो मोबाइल उलटा ठेव आधी. फोन केला की "आजी, क्लास आहे", "आजी, असाइनमेंट आहे." मला काय कळत नाही होय? शुक्रवारी इथे आखातात सुट्टी, कुठला क्लास असतो? शुक्रवारी तर रस्त्यावरची मांजरंसुद्धा उशिरा उठतात.

तू इथे नाहीस हे ठाऊक आहे मला. मन्सूऱ्यातल्या ह्या जुन्या फ्लॅटमध्ये मी एकटीच टेबलाशी बसलेय आणि समोरची खुर्ची रिकामी आहे. पण मला लिहायचं तर कुणाला तरी समोर बसवावंच लागतं, आणि मी तुला बसवलंय. तुला मराठी ऐकून सगळं कळतं, वाचता मात्र येत नाही. म्हणून तुझा बाबा तुला हे वाचून दाखवणार आहे. त्याला बजावलंय मी, मधली वाक्यं गाळायची नाहीत. गळा दाटला तर उठून पाणी पिऊन यायचं आणि जिथे थांबलास तिथूनच पुढे वाचायचं.

तुझ्या बाबानंच सांगितलं की तू टीम सोडलीस. जर्सी परत देऊन आलीस म्हणे. त्यानं सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. देठं भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकत बसले, इतकं माझं लक्ष उडालं. एक वेळ तू माझ्याकडे येत नाहीस हे मी सोसलं असतं. पण खेळणं सोडलंस, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू मनात काय धरून बसली आहेस. ते तुझ्या मनातून काढायचंय मला, म्हणून ही बैठक.

सुरुवातीपासून सांगते. तू म्हणशील, मला माहीत आहे. सगळं माहीत नाही तुला.

तू कॉलेजात गेलीस तेव्हा मला नि तुझ्या आजोबांना त्या जागेचं फार अप्रूप होतं. शहराच्या कडेला सगळी कॉलेजं एका ठिकाणी मांडलेली, मधून छोटी ट्राम फिरते, झाडांना वेळेवर पाणी. एक गावच वसवलंय पोरांसाठी. आणि गाव म्हटलं की वाड्या आल्या. आमच्याकडे कोकणात शिमग्याला वरची वाडी नि खालची वाडी एकमेकींना जे डिवचतात ना, ते मला तिथे बघायला मिळालं. प्रत्येक कॉलेजाचा आपला रंग, आपली आरोळी, भिंतीवर आपली पताका. तुमचा रंग पिवळा. हळदीसारखा पक्का पिवळा. आणि तुमचं जिच्याशी हाडवैर, त्या समोरच्या कॉलेजाचा रंग हिरवा.

तू व्हॉलीबॉलच्या संघात आलीस आणि पहिल्याच मॅचला आम्हाला बोलावलंस. मी आपली नेहमीची, अंगात स्वेटर, कारण तुझ्या आजोबांनी आधीच सांगितलं होतं की असल्या हॉलमध्ये एसी कसा सोडतात ते त्यांना माहीत आहे. जन्मभर एसी दुरुस्त केलेला माणूस. आत शिरल्याबरोबर त्यांनी मान वर करून छत बघितलं आणि म्हणाले, "ह्या बाजूला हवा जास्त फेकतंय. आपण तिकडे बसू." तिकडे बसलो. आणि तू कोर्टावरून आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवत सुटलीस. मला वाटलं, आनंदानं हलवतेय. मीही हलवले. माझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत नव्या कोऱ्या हिरव्या बांगड्या, वरच्या दिव्यांत चमकताहेत, छुमछुम वाजताहेत. आमच्या आजूबाजूच्या सगळ्या पोरी हिरव्या शर्टातल्या. त्यांनी टाळ्या पिटल्या माझ्यासाठी. एकीनं मला पाण्याची बाटली आणून दिली.

खेळ थांबला तशी तू धावत वर आलीस. "आजी, तू एनिमी साइडला बसली आहेस."

"अगं, इकडे वारा कमी लागतो."

"अँड लुक ॲट युवर हँड्स, आजी. ग्रीन. टोटल ग्रीन."

"मग? नवरा आहे ना माझा जिवंत. हा काय शेजारी बसलाय, फुटाणे खातोय."

तुझे आजोबा इतके हसले की फुटाणा घशात अडकला. त्या दिवशी तुम्ही हरलात, आणि तू घरी येताना मेट्रोत माझ्याशी बोलली नाहीस. आजोबा तुझी समजूत काढत होते. "पोरी, रागावतेस कुणावर? तुझ्या कॉलेजाला न्यायला गाडी कुठली? ग्रीन लाइन. आम्ही बसायला हिरव्या गाडीत, उतरायला पिवळ्यांत, आता काय उडत यायचं?" तेव्हा तू फुस्सकन हसलीस. तिथूनच ते सुरू झालं. तुमच्या संघाचं नाव त्यांनी लिंबं ठेवलं आणि समोरच्यांचं मिरच्या. दोघींना एका दोऱ्यात ओवून हॉलच्या दारावर टांगा, म्हणजे कुणाचीच दृष्ट लागायची नाही, असं म्हणायचे.

पुढे तू त्यांना पिवळी टोपी आणून दिलीस. ती टोपी मिळाली तेव्हाचा त्यांचा चेहरा तू बघितला नाहीस, कारण तू मागे उभी राहून टॅग कापत होतीस. मी बघितला. हा माणूस ह्या देशात आला तेव्हापासून त्याच्या अंगावर कंपनीचा निळा डगला. एक कंपनी गेली, दुसरी आली, डगल्याच्या खिशावरचं नाव बदललं, निळा रंग तोच. अल रुवैस बंदरात मासळीच्या थंड कोठारांत कामाला जायचे तेव्हा तो डगला कितीही धुतला तरी बांगड्याचा वास जायचा नाही. आपला म्हणून असा कुठला रंग नव्हताच त्यांना. तुझ्या टोपीनं तो दिला. भाजी आणायलासुद्धा ती घालून जायचे. कोपऱ्यावरचा केरळचा दुकानदार विचारायचा, "चाचा, आज मॅच है क्या?" तर म्हणायचे, "मॅच रोज है."

हॉलमध्ये मोठ्यानं ओरडायची त्यांना आधी लाज वाटायची. मग एकदा तुमची सर्व्हिस होती आणि सगळे गप्प होते, तेव्हा ह्यांनी उभं राहून हाक दिली, "यल्ला लिंबू." सगळा हॉल वळून बघायला लागला. यल्ला, म्हणजे चला, हे इथे सगळ्यांनाच कळतं, पण लिंबाचा अर्थ तुझ्या मैत्रिणींना सांगावा लागला तुला. त्यानंतर तुमची ती आरोळीच झाली. कुठकुठल्या देशांतल्या पोरी त्या, कुणी सुदानची, कुणी फिलिपिन्सची, आणि सगळ्या मिळून ओरडायच्या "यल्ला लिंबू." मी तोंडाला पदर लावून हसायची.

मीही पिवळी साडी घेतली मग. ती नेसून बाहेर आले, हातांत हिरवा चुडा होताच, तर ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काय गं, आज हळद लागणार आहे की काय तुला? मुंडावळ्या कुठे आहेत?" म्हाताऱ्या बाईला नवरीची थट्टा. मी लटकं रागावले, पण आरशात जाऊन बघून आले, खोटं कशाला सांगू.

पण बांगड्या मी काढल्या नाहीत. तू प्रत्येक मॅचला मागे लागायचीस. "आजी, जस्ट फॉर वन अवर. तू बांगड्या घालतेस म्हणून त्या जिंकतात." मी म्हणायची, "तुमची सर्व्हिस जाळ्यात जाते म्हणून जिंकतात त्या." तुला वाटायचं आजी हट्टी आहे. बाय माझी, लग्नात कासारणीनं ह्या हातांत चुडा भरला त्या दिवसापासून हात रिकामा असा कधी राहिला नाही. नव्या भरायच्या तर आधी मनगटाला दोरा बांधायचा, मग जुन्या काढायच्या. एखादी पिचली तर "फुटली" म्हणायचं नाही, "वाढवली" म्हणायचं. आई नवऱ्याचं आयुष्य त्यात मोजायची. मी तितकं मोजत नव्हते, पण मोडायचं धाडसही नव्हतं. ह्या वयात कशाला, असं वाटायचं. आणि दर वर्षी श्रावण लागला की हेच जायचे बांगड्या आणायला. इथल्या दुकानात माप सांगताना अंगठा नि बोट जुळवून वाटोळं करून दाखवायचे, आणि ते माप कधी चुकलं नाही.

मग फायनल आली. पिवळ्या नि हिरव्या. सकाळी तुझा व्हिडिओ कॉल. डोळे सुजलेले तुझे. "आजी, प्लीज. ओन्ली टुडे. मी पुन्हा कधी नाही विचारणार." मी नेहमीसारखंच नाही म्हटलं. तू नुसती मान हलवलीस आणि फोन बंद केलास. आता हे पुढचं ऐक. हे तुला माहीत नाही.

हे बाजूलाच बसले होते. दोनदा चहा मागून घेतला, प्यायला नाही. मग न्हाणीघरात गेले आणि साबणाची वडी नि तांब्याभर पाणी घेऊन आले. माझ्यासमोर खुर्ची ओढली. म्हणाले, "हात दे."

"काय करताय?"

"हात दे म्हटलं ना."

"लोक काय म्हणतील?"

"लोक कोण? मी इथे समोर बसलोय धडधाकट. ज्याच्या नावानं घातल्यास तोच काढतोय. ह्यात अशुभ कसलं आलंय? आणि ऐक, पोर आज कच्ची आहे मनानं. जिंकेल, हरेल, ते तिचं ती बघेल. पण मान वर करून आपल्याकडे बघेल तेव्हा तिला हिरवं दिसायला नको."

मग त्यांनी आधी तू दिलेल्या केसांच्या दोन पिवळ्या रिबिनी आणल्या आणि माझ्या दोन्ही मनगटांवर घट्ट बांधल्या. हात रिकामा ठेवायचा नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. वायरी आवळायची त्यांची जी गाठ असते, तसलीच मारली, सुटायची सोय नाही. मग साबणाचा फेस केला, माझा अंगठा आत दुमडला, तळहात दाबून धरला आणि एकेक बांगडी हलकेच, फिरवत फिरवत बाहेर काढली. मी डोळे मिटून घेतले होते. एकही पिचली नाही. शेवटची काढली तेव्हा म्हणाले, "बघ. तांब्याचे पाइप वाकवून हा हात तयार झालाय." सगळ्या पुसून, आपल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या. आणि मला बजावलं, "तिला सांगू नको मी काढल्या म्हणून. आजीनं काढल्या म्हणून जी उडी मारेल ना, ती बघू दे मला."

मारलीस की तू उडी. हॉलच्या दारातच माझे हात बघितलेस, रिबिनी बघितल्यास आणि किंचाळून मला मिठी मारलीस. "यू डिड इट फॉर मी." ह्यांनी मागून मला डोळा मारला. मी तुला थोपटलं.

आणि तुम्ही जिंकलात. मला खेळातलं फार कळत नाही, पण शेवटचा बॉल पडला तेव्हा सगळा हॉल पिवळा होऊन खाली आला, एवढं आठवतं. हे टोपी काढून हवेत फिरवत होते. मग खाली बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "ओरडून दमलो गं." मी म्हटलं, वयाकडे बघा जरा. तू पदक घालून आलीस तेव्हा त्यांनी खिशातून तो रुमाल काढून तुझ्या हातात दिला. "ह्या तुझ्याकडे ठेव. उद्या घरी ये आणि तुझ्या हातानं आजीला परत भर." तुझ्या मैत्रिणी तुला फोटोला ओढत होत्या. तू रुमाल तुझ्या किट बॅगेत टाकलास आणि ओरडलीस, "उद्या नक्की, आजोबा, इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकून मी त्यांना हाक मारली. पुढचं तुला ठाऊक आहे. तू आलीस ती तीच बॅग खांद्याला लावून आलीस, आतल्या रुमालासकट.

ह्या देशात आपल्या माणसाला अग्नी देता येत नाही. सगळे सोपस्कार होऊन गावी न्यायला वेळ लागला आणि तेवढ्यात घर बायकांनी भरलं. सगळ्या आपल्या ओळखीच्या, जीव लावणाऱ्या. शेजारची वहिनी माझ्या जवळ बसली आणि माझे हात हातात घेतले. तिथे बांगड्या नाहीत, पिवळ्या रिबिनी. ती बिचारी चपापली. "अहो, हे काय? बांगड्या आधीच काढल्या? कधी?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "काल नातीच्या मॅचसाठी म्हणे. तिनं हट्ट केला." आणि मग ती शांतता झाली, ती तू ऐकलीस. स्वयंपाकघराच्या दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होतीस.

मी बोलले, बाळा. थोडा वेळ लागला मला, पण बोलले. म्हटलं, "ह्यांनी काढल्या. स्वतःच्या हातानं, साबण लावून." सगळ्यांनी ऐकलं. वहिनी रडायला लागली, आजतागायत दर गुरुवारी ती मला डबा आणून देते. पण मी मान वर केली तेव्हा ट्रे ओट्यावर होता आणि तू नव्हतीस. तुझे बूटही दारातून गेले होते. आम्ही सगळे त्यांना घेऊन गावी गेलो आणि तू परीक्षा म्हणून इथेच राहिलीस. परत आलो, तरी तू आली नाहीस.

तुला वाटतं, कप मिळाला आणि त्याच्या बदल्यात आजोबा गेले. म्हणून जर्सी परत केलीस. हो की नाही? पोरी, डॉक्टरांनी तुझ्या बाबाला सगळं सांगितलंय. त्यांचं हृदय केव्हापासून थकलेलं होतं. त्यांना जिना चढताना धाप लागायची आणि ते मधल्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या एसीचा आवाज ऐकल्यासारखं करायचे. मला वाटायचं सवय आहे. बांगडीच्या काचेला एवढी ताकद असती तर मी खांद्यापर्यंत भरल्या असत्या.

आणि आणखी एक, हे मी कुणालाच बोलले नाही. आमच्या गावी नवरा गेला की बायका जमतात आणि त्या बाईच्या बांगड्या फोडतात. माझ्या आईच्या फोडल्या तेव्हा मी समोर होते. काच तिच्या मनगटात गेली होती, नि तिला तेवढंसुद्धा कळत नव्हतं. तो आवाज मी जन्मभर भीत आले. गावी पोचले तेव्हा मोठ्या जाऊबाई पुढे झाल्या, माझे हात बघितले आणि तशाच मागे सरकल्या. फोडायला काही नव्हतंच. माझ्या बांगड्या त्यांनी काढल्या, हसत, फेस लावून, एकही न पिचवता. तू हट्ट केलास म्हणून. तू सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी फोन केलास म्हणून. हे मला कुणी दिलं असतं गं, तुझ्याशिवाय?

उजव्या हाताची रिबिन गावी नदीवर अंघोळीच्या वेळी तुटून गेली. डावी अजून आहे. गाठ सुटत नाही आणि मी कापत नाही. हळदीचा रंग जाऊन पार मातीचा झालाय तिचा. ह्यांची टोपी खुंटीला आहे. परवा बाबानं सांगितलं, तुमच्या हॉलवर पुन्हा पताका लागल्यात, पिवळ्या नि हिरव्या, आणि तुझ्या त्या सुदानी मैत्रिणीनं तुझ्या जागी अजून कुणाला घेऊ दिलेलं नाही. जर्सी परत मागायला लाज वाटत असेल तर मी येते बरोबर. मला तिथे सगळे ओळखतात, शत्रूच्या बाजूला बसणारी आजी म्हणून.

घरात फार शांत झालंय. एसी बिघडलाय, खडखड करतो, आणि मी दुरुस्तीवाल्याला बोलावत नाही, कारण बिघडलेल्या एसीच्या आवाजात कुणीतरी आत्ता उठून बघेल असं वाटत राहतं. तुझा बाबा इथवर आला असेल तर त्याला पाणी दे.

ह्या शुक्रवारी ये. ग्रीन लाइनला बसायचं, कुठे बदलायचं नाही, मन्सूरा शेवटचं स्टेशन. मी खाली गेटपाशी उभी राहीन. बॅगेतला तो रुमाल घेऊन ये, बांगड्या आहेत तशाच असू देत त्यात. त्या घालायच्या की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आपण दोघी बसून बघू. फक्त रुमाल धुऊ नकोस, बाळा. तसाच आण. आणि लवकर ये.